उकिरड्यातले जीव

माझी माय गावातल्या मोठ्या घरांचे शेण आणि केरकचरा पाटीत भरून उकिरड्यावर नेऊन टाकायची. त्याबद्दल शिळी भाकर मिळायची. जरा काही बिनसले की शिवी ठरलेली, "उकिरड्यातले किडे!" म्हणून दोंडाईच्यात घर बांधले तेव्हाच मी ठरवले होते, आपल्या दारात उकिरडा नको.

गेल्या वैशाखात बुद्ध पौर्णिमा झाली आणि नातीने घरामागे हातभर खड्डा खणला. भाजीची साले, लिंबाचा पाला, मिरचीची देठे आणि शेण त्यात टाकायचे, असे शाळेत शिकून आली होती. मी रागावले. "बाबासाहेबांनी आपल्याला घाणीतून बाहेर काढले आणि तू ती घरी आणतेस?"

ती शांतपणे म्हणाली, "आजी, ही आपल्याच घरची घाण आहे. ती आपणच उचलतोय. दुसऱ्या कोणाला उचलायला लावत नाही."

मी गप्प झाले.

सुरुवातीला खड्डा आतून चांगलाच तापला. डोळ्यांना न दिसणारे जिवाणू कचरा कुजवतात, त्याची ती ऊब. तो निवल्यावर आणि पाऊस पडल्यावर खरी वस्ती भरली. हात लावताच वेटोळे करणारे वाणी ओला पाला कुरतडू लागले. या किड्यांवर टपलेली गोम आली. एक दिवस पांढऱ्या, जाड अळ्या निघाल्या. मला वाटले, उसाची मुळे खाणारी हुमणी! पण त्या पाठीवर उताण्या होऊन सरकत होत्या. तशा चालणाऱ्या अळ्या फुलभुंग्यांच्या असतात. त्या कुजलेला पाला खातात. हुमणी पायांवर चालते. आणि गांडुळे! त्यांना डोळे नाहीत, फुप्फुसे नाहीत. ओल्या कातडीनेच श्वास घेतात, म्हणून खड्डा सुकू द्यायचा नाही. मुंग्या फार झाल्या की समजावे, पाणी कमी पडले.

डार्विनसारख्या शास्त्रज्ञाने गांडुळांवर १८८१ साली अख्खे पुस्तक लिहिले. धुळ्याहून आग्रा रोडने पुढे गेले की इंदूर लागते. तिथे अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी कापसाच्या पऱ्हाट्या, पालापाचोळा आणि शेण यांचे खत करण्याची पद्धत बसवली. १९३१ साली ती पुस्तकातून जगापुढे आली. ज्या कामाला गावाने विटाळ म्हटले, त्याच कामाचे जगाने शास्त्र केले!

तथागतांनी भिक्खूंना वर्षावास सांगितला. पावसाळ्यात फिरताना कोवळे अंकुर आणि बारीक जीव पायाखाली चिरडू नयेत, हे त्यामागचे एक कारण. आता मीही खत उलथताना खुरपे जपून चालवते.

भगिनींनो, खत करणे हलके नाही. एकाने घाण करायची आणि जन्मावरून दुसऱ्याने ती उचलायची, हे हलके आहे. ओला कचरा प्लॅस्टिकमध्ये कोंबून आपण फेकतो, तेव्हा तो कुजका वास सफाई कामगाराच्या हाती जातो. तो कामगार बहुधा आपल्यासारख्याच वस्तीतला असतो. मग गावाने आपल्याशी केले तेच आपण त्याच्याशी करत नाही का?

चार महिन्यांनी खड्ड्यात काळी, भुसभुशीत माती झाली. पहिल्या पावसाच्या मातीसारखा तिचा वास. ती मोगऱ्याला घातली. कळ्या आल्या की पहिली ओंजळ बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे ठेवायची, असे आम्ही दोघींनी ठरवले आहे.

माय असती, तर तिला त्या किड्यांची करामत दाखवली असती.