मुलाचं नाव घ्या

कामशेतजवळच्या एका घरातला तरुण मुलगा गेल्या पावसाळ्यात गेला. आत्महत्या. त्या घरच्या इंद्रायणी भाताची लावणी भावकीनं इर्जिक करून उरकली, कुणाला बोलवावं लागलं नाही. पण ओट्यावर टेकलेला जो तो एकच विचारायचा, "असं का केलं हो त्यानं?" आईजवळ उत्तर नव्हतं. पुढं ती दारात येईनाशी झाली.

तिला बोलतं केलं ते लोणावळ्याच्या एका बाईंनी. त्यांचाही मुलगा असाच गेलेला. रात्री त्यांचा फोन यायचा. "जेवलीस का?" एवढंच विचारायच्या, आणि मुलाचं नाव घेऊन त्याच्या लहानपणाबद्दल बोलायच्या. आम्ही बाकी सगळे ते नाव टाळत होतो. तिला तेच जास्त लागत होतं.

आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली असतो, असं २०१७ चा मानसिक आरोग्य कायदाच गृहीत धरतो. गावाची जीभ मात्र अजून गुन्हा शोधते. याचा मला मनापासून राग येतो.

अशा घरी जाल तेव्हा कारण विचारू नका. नाव घ्या, जवळ बसा. आणि रात्र सोसवत नसेल तर सरकारच्या टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं.