अकरा महिन्यांचे बिऱ्हाड

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले. धोक्याची पातळी ४५ फुटांची. गावभागातील आमच्या वाड्यात पाणी माडीच्या जिन्याला लागले, तेव्हा आईला घेऊन आम्ही बोटीत बसलो. पाणी ओसरल्यावर चिखल उपसण्याचे धैर्य आमच्यात उरले नाही. आम्ही कुपवाडला सदनिका भाड्याने घेतली.

१९९८ मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाड यांची मिळून एक महापालिका झाली. तरी जुन्या सांगलीकराच्या लेखी कुपवाड म्हणजे एमआयडीसी आणि पाळीवरून सुटणारे कामगार. दलालाने मात्र 'आलिशान' हा शब्द वापरला. पाचवा मजला, लिफ्ट, खाली शहर बसचा थांबा, मिरज जंक्शन फार दूर नाही आणि गॅलरीतून शहराचे विहंगम दृश्य. दृश्याबाबत तो खोटे बोलला नाही. रात्री कारखान्यांचे दिवे दूरवर पसरलेले दिसतात. नदी तेवढी दिसत नाही. आम्हांला तेच हवे होते.

करारावर सही करताना कळले, की कायद्याच्या भाषेत आम्ही भाडेकरूही नाही, आम्ही परवानाधारक. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार मुदत संपल्यावर परवानाधारकाने जागा सोडली नाही, तर त्याला दुप्पट रक्कम भरावी लागते. आमची मुदत अकरा महिन्यांची. भिंतीला खिळा ठोकण्यास मनाई. वडिलांची तसबीर कपाटाला टेकवून जमिनीवर ठेवली. आई येता-जाता तिच्याकडे पाही. बोलत काही नसे.

त्या तसबिरीने आम्हांला आमच्या भाडेकरूची आठवण दिली. वाड्याच्या तळमजल्यावर काका तीन पिढ्यांपासून राहतात. त्यांचे भाडे इथल्या लिफ्टच्या वर्गणीइतकेही भरत नाही. त्यांनी जागा अडवली, ही आमच्या घरातील कायमची तक्रार. त्यांनी आमच्या भिंतीला ठोकलेले खिळे आम्ही लहानपणी मोजले होते. पुरानंतर मालक कुपवाडला चढले आणि भाडेकरूने वाडा धुतला. आमची माडीसुद्धा. "वहिनी, परत कधी येताय?" असे ते फोनवर आईला विचारत, तेव्हा आम्ही दुसऱ्या खोलीत जात असू.

अकरा महिने संपले. आम्ही करार वाढवला. भीती अजून ओसरली नव्हती, आणि जुलै २०२१ च्या पुराने ती खोटी नव्हती हेही दाखवले. मात्र त्यापूर्वीच एका रविवारी आई तसबीर घेऊन वाड्यावर गेली होती. काकांनी माडीच्या भिंतीवर, पुराच्या खुणेच्या बरेच वर, खिळा ठोकून दिला. घर कोणाचे, हे ठरवायला सातबारा आणि करार पुरे पडतात असे आम्ही मानत आलो होतो. त्या दिवशी हातोडा त्यांच्या हातात होता, आणि आम्ही फक्त स्टूल धरून उभे होतो.