फोडाचं पान

फडावर पुडके मोजून घेणाऱ्या मुन्शीने मायचे पुडके बाजूला सारले, ते अजून माझ्या मनातून जात नाही. चिचगडच्या जंगलात उन्हाळ्यात विडीसाठी तेंदूपत्ता तोडतात, ७० पानांचं एक पुडकं बांधतात, हे इकडे कुणाला सांगायला नको. मायच्या एका पुडक्यात वरचीच दोन-तीन पानं फोडाची निघाली आणि मुन्शीने अख्खा ढीग नाकारला. खालचं एकही पुडकं उलटून पाहिलं नाही. माय म्हणाली, "बाकीची पानं पाहा न जी." तो म्हणाला, "रोग आहे बाई, एकाचा सगळ्याले लागते." पहाटेपासूनची तोड आणि दुपारभर घरच्या सगळ्यांनी बांधलेले पुडके, सगळं मातीत! तोडलेल्या पानाला कसला रोग लागणार? तरी रांगेतलं कुणी बोललं नाही. मीही नाही.

घरी येऊन फोड ब्लेडने चिरले. आत माशीची अळी असेल असं वाटलं, कारण बाळगुटीतलं मायफळ मला माहीत होतं. ते फळ नव्हेच, तुर्कस्तान-इराणकडच्या ओक झाडावरची गाठ आहे. चिमुकली गांधीलमाशी अंडं घालते, झाड त्याभोवती गाठ धरतं, आत बिनपायाची अळी वाढते. मायफळावरचं बारीक गोल भोक म्हणजे माशी कुरतडून बाहेर पडल्याची खूण. तेंदूच्या फोडात तसं काही नव्हतं. भिंगाखाली चपटी पिल्लं दिसली, पाय असलेली. म्हणजे माशी नाही. मावा-तुडतुड्यांच्या गोतावळ्यातला, रस शोषणारा हा कीटक. शास्त्रातलं नाव ट्रायोझा ऑब्सोलेटा. तो झाडावरच्या कोवळ्या पानाला धरतो आणि फोड त्या पानासोबतच वाढतो. पुडक्यात बांधल्यावर शेजारच्या पानावर नवा फोड येत नाही.

आता एक खरं सांगतो. फोडाचं पान विडीला चालत नाही. ते गुंडाळताना उचकटतं, चिरतं. विडी वळणारी बाई ते फेकणारच, आणि जाब मुन्शीलाच द्यावा लागतो. त्याच्या जागी मी असतो तर ती दोन-तीन पानं मीही घेतली नसती. पण दोन-तीन पानं म्हणजे अख्खा ढीग नव्हे.

तोडणाऱ्यांनी पुडकं बांधण्याआधी प्रत्येक पान मागून-पुढून चाचपावं, फोडाचं दिसलं की तिथेच टाकावं. आणि फडावरच्या लोकांनी शंका आली तर पुडकं सोडून पाहावं, खराब तेवढं काढावं, उरलेलं मोजून घ्यावं. त्याला वेळ लागतो. तेवढा वेळ द्या.