पूर्ण शिष्यवृत्ती

भाषांतराच्या कामात मोठे शब्द सहसा अडवत नाहीत. अडवतात ते साधे दिसणारे शब्द. 'विकेंद्रीकरण' किंवा 'सार्वभौमत्व' यांची कोशात ठरलेली जागा असते. परंतु रोजच्या बोलण्यातला एखादा लहानसा शब्द मराठीत आणावयाचा म्हटले की लेखणी थबकते. दोन वर्षांपूर्वी आमच्या मासिकासाठी युरोपातील उच्च शिक्षणाविषयीची एक टिपणी मराठीत आणताना मी 'फुली फंडेड' या दोन शब्दांपाशी अशीच अडले. प्रथम 'संपूर्ण अर्थसहाय्यित' असे लिहिले. ते निविदेतल्या भाषेसारखे वाटले. 'बिनखर्ची' लिहिले, तर ते खरे वाटेना; कारण खर्च होतच असतो, तो दुसरा कोणी करतो एवढेच. अखेर 'पूर्ण शिष्यवृत्ती' असे लिहून मजकूर पुढे पाठविला.

टिपणी छापून आली आणि वाचक ती विसरूनही गेले असतील. माझ्या मनातून मात्र तिच्यातले एक वाक्य जाईना. वयाची अट नाही, असे ते वाक्य होते. मी तेव्हा चौतीस वर्षांची होते. नागपूरला बी. ए. झाल्यानंतर लग्न होऊन दिल्लीला आले आणि पुढचे शिक्षण राहून गेले. त्या संध्याकाळी जवाहरलाल नेहरू स्टेडियमच्या स्थानकावरून मेट्रोत बसले, मंडी हाऊसला गाडी बदलली आणि नोएडाला उतरेपर्यंत मनात एकच विचार घोळत होता: दुसऱ्यांसाठी लिहिलेली ही माहिती आपल्यासाठी नाही असे आपण का धरून चाललो?

ज्या घरांत मुलेमुली पदवीच्या वर्गात आहेत त्यांच्यासाठी त्या योजनेची माहिती थोडक्यात सांगते. तिचे नाव 'इरॅस्मस मुंडस'. युरोपीय संघाने ती 2004 साली सुरू केली. अनेक देशांतील विद्यापीठे एकत्र येऊन एक अभ्यासक्रम चालवितात आणि विद्यार्थ्याने त्यांपैकी निदान दोन देशांत राहून शिकावयाचे असते. शिष्यवृत्ती मिळाल्यास विद्यापीठाचे शुल्क व विमा यांचा भार विद्यार्थ्यावर पडत नाही, आणि वर दरमहा 1400 युरो, जास्तीत जास्त 24 महिने, मिळतात. आजच्या भावाने ही रक्कम सव्वा लाख रुपयांहून अधिक होते. मात्र विमानाचे भाडे, व्हिसा, घराची अनामत आणि रोजचे जेवणखाण हे सारे त्याच रकमेतून भागवावे लागते. अर्ज एका ठिकाणी करावयाचा नसतो. प्रत्येक अभ्यासक्रमाकडे स्वतंत्र करावा लागतो, आणि बहुतेकांची मुदत हिवाळ्यात संपते. पदवीच्या अखेरच्या वर्षाला असलेल्यांनाही अर्ज करता येतो.

भाषा व साहित्य यांच्या एका अभ्यासक्रमाकडे मी अर्ज केला. त्यात 'आपण का येऊ इच्छिता' याविषयी एक पत्र लिहावयाचे असते. मी ते आधी मनात मराठीत रचले आणि मग इंग्रजीत उतरविले. 'मला जे काही थोडेफार येते', 'आपल्यासारख्या थोर संस्थेच्या चरणी' अशा वाक्यांनी ते भरले होते. पोट भरते भाषांतरावर, आणि तरी ध्यानात आले नाही की आपल्याकडचा विनय दुसऱ्या भाषेत गेला की त्याचा अर्थ 'हिला काही येत नाही' असा होतो. त्या वर्षी माझे नाव राखीव यादीत राहिले आणि तेथून वर सरकले नाही.

आमच्या कार्यालयातील एका ज्येष्ठ संपादकांना मी ते पत्र दाखविले. त्यांनी ते दोनदा वाचले आणि विचारले, "यात तुम्ही केलेले काम कुठे आहे? दहा वर्षे तुम्ही काय केलेत ते मला माहीत आहे. या पत्राला माहीत नाही." दुसऱ्या वर्षी मी साधे पत्र लिहिले. आरोग्य, शेती, बँक, विमा यांविषयीचा मजकूर मराठीत आणताना कोणते शब्द खेड्यातल्या वाचकापर्यंत पोहोचले आणि कोणते छापील पानावरच पडून राहिले, हे दाखल्यांसह सांगितले. आणि यामागचे शास्त्र शिकावयाचे आहे, एवढेच म्हटले. एप्रिलमध्ये निवडीचे पत्र आले.

खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. मी कंत्राटावर काम करते. नियमित सरकारी सेवकाला नियमानुसार अभ्यासरजा मागता येते. मला नोकरी सोडावी लागणार होती. घराच्या कर्जाच्या हप्त्यात माझ्या पगाराचा निम्मा वाटा आहे. मुलगी आठ वर्षांची. यजमानांची नोकरी अशी की घरी येण्याची वेळ त्यांच्या हाती नाही.

माझ्या सासूबाई मूळच्या वर्ध्याच्या. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. निवडीचे पत्र मी त्यांना वाचून दाखविले, तेव्हा त्यांनी आनंद दाखविला नाही की विरोध केला नाही. म्हणाल्या, "वही आण." वहीच्या एका बाजूला त्यांनी शिष्यवृत्ती काय देते ते लिहिले. दुसऱ्या बाजूला काय देत नाही ते: पहिली रक्कम हाती येण्याआधीचा प्रवास व व्हिसा, दोन वर्षांचे हप्ते, मुलीच्या शाळेची बस. यादी संपली असे वाटून मी वही मिटू लागले, तर म्हणाल्या, "थांब. माझी दोन वर्षे लिहायची राहिली."

यंदा दिवाळीनंतर वर्ध्याला परत जाण्याचे त्यांच्या मनात होते. तेथे त्यांची थोरली बहीण एकटी राहते. नातीची शाळा सांभाळण्यासाठी आल्या, त्याला पाच वर्षे झाली होती. मी गेले तर त्यांना अडसष्टाव्या वर्षी दुखऱ्या गुडघ्यांनिशी रोज सकाळी तीन मजले उतरून मुलीला बसपर्यंत पोहोचवावे लागणार होते. हे मला माहीत नव्हते असे नाही. मी ते कोठे लिहिले नव्हते.

"मग मी जात नाही, आई," मी म्हणाले.

"तसे मी म्हटले का?" त्या म्हणाल्या. "हिशेबात धर, एवढेच म्हटले. न धरलेला खर्च माणसाला कडू करतो."

त्यानंतरच्या एका रविवारी मुलीला घेऊन मी अलीपूर रोडला गेले. 26, अलीपूर रोड या जागी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे 6 डिसेंबर 1956 रोजी परिनिर्वाण झाले; तेथे 2018 पासून उघड्या ग्रंथाच्या आकाराचे राष्ट्रीय स्मारक उभे आहे. शिष्यवृत्तीची गोष्ट मराठी माणसाला त्यांच्यावाचून सांगताच येत नाही. 1913 साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची सेवा करण्याचा करार झाला. न्यूयॉर्कनंतर ते लंडनला गेले; परंतु 1917 मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तर जातीमुळे त्या विद्वानाला राहावयास घर मिळाले नाही. पुढे मुंबईत प्राध्यापकी करून शिल्लक टाकली, छत्रपती शाहू महाराजांचे सहाय्य आणि एका पारशी मित्राचे कर्ज घेतले व 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. 1923 साली त्यांना डी. एस्‌सी. ही पदवी मिळाली.

हे सारे मी शाळेपासून वाचत आले होते. त्या दिवशी मात्र वाचताना लक्ष मुंबईकडे जात होते. तेथे रमाबाई तुटपुंज्या पैशांत संसार ओढीत होत्या. साडेअकरा पौंडांच्या हिशेबात त्यांचे कष्ट कोणत्या रकान्यात धरले होते? आमच्या घरची अडचण त्या कष्टांपुढे किती लहान आहे, हे मी जाणते. तथापि जाणाऱ्याच्या विद्येचा काही भाग मागे राहणारे माणूस फेडीत असते, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे.

ज्यांच्या नावाने ही युरोपीय योजना चालते ते रॉटरडॅमचे इरॅस्मसही या अनुभवातून गेले होते. 1495 साली ते पॅरिसला शिकावयास गेले ते एका बिशपांच्या मदतीवर. ती अपुरी पडली म्हणून शिकवण्या करून त्यांनी दिवस काढले. पुढे व्हेनिसच्या छापखान्यात बसून त्यांनी आपला म्हणींचा संग्रह 1508 मध्ये छापून घेतला, आणि 1516 साली ग्रीक 'नवा करार' स्वतःच्या लॅटिन भाषांतरासह प्रसिद्ध केला. भाषांतर आणि छापखाना यांत आयुष्य गेलेला तो माणूस मला एकदम आपल्या खात्यातला वाटला.

सप्टेंबरात मी निघणार आहे. बचतीतून हप्त्यांची तरतूद झाली आहे, आणि शिष्यवृत्तीतून काटकसरीने उरेल ते घरी येईल. सासूबाईंच्या थोरल्या बहिणीने दोन वर्षांसाठी नोएडाला येऊन राहण्याचे कबूल केले आहे. वर्ध्याचे घर कुलूप लावून ठेवायचे ठरले. तळमजल्यावर भाड्याची जागा मिळते का, याची चौकशी यजमान करीत आहेत. मी परत आले की दोघी बहिणींना वर्ध्याला पोहोचवावयाचे, असे वहीच्या शेवटच्या पानावर तारखेसह लिहून खाली मी सही केली आहे. बडोद्याच्या करारापुढे हा करार काहीच नव्हे. पण मोडण्याची मुभा याही करारात नाही.

ज्या घरांत अशा अर्जांचा विचार चालू असेल त्यांना माझी एक विनंती आहे. केंद्र सरकारची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती, महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची योजना, युरोपची ही योजना, जी आपल्याला लागू असेल तिचा अर्ज अवश्य करावा. वय झाले, गाव लहान, इंग्रजी बेताचे, या कारणांनी आधीच मागे सरू नये. परंतु अर्जाबरोबर घरातही एक पान लिहावे, आणि ते सर्वांच्या समोर लिहावे. ती टिपणी पुन्हा मराठीत आणावयाची वेळ आली, तर शब्द मी 'पूर्ण शिष्यवृत्ती' हाच ठेवीन. त्याखाली एक ओळ मात्र जोडीन: यात घरच्या माणसांचा वाटा धरलेला नाही, तो आपण धरावा.