नियोगी अहवाल आणि आमचा वर्ग

ऐंशीच्या दशकात मी नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजातून राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झालो आणि पुढे विद्यापीठात लोकप्रशासनात एम.ए. केलं. पवनीकडच्या आमच्या घरी या दोन विषयांत फरक काय, हे कुणाला ठाऊक नव्हतं. आजोबांना एवढंच कळलं होतं की नातू पादऱ्यांच्या कॉलेजात चाललाय, आणि त्याची त्यांना धास्ती होती.

त्या वेळी नागपुरात हे विषय शिकणं म्हणजे चैन होती. अमरावती रोडच्या कॅम्पसवर लोकप्रशासनाचा जो विभाग, तो देशातला या विषयाचा पहिला स्वतंत्र विभाग, १९४९-५०चा. त्याच सुमारास मध्य प्रांत-वऱ्हाडात १९४८च्या कायद्याने जनपद सभा सुरू झाल्या होत्या. पंचायत राज हा शब्द देशाच्या तोंडी बसण्याआधीचा तो प्रयोग, आणि त्याचे बरे-वाईट अनुभव सांगणारी माणसं आमच्या वेळी हयात होती. सिव्हिल लाइन्समध्ये विधान भवन. १९५३च्या नागपूर करारामुळे डिसेंबरात हिवाळी अधिवेशन भरायचं, मोर्चे यायचे, आणि पुस्तकातलं सरकार आम्हाला लाल दिव्याच्या गाड्यांतून दिसायचं. ओळखीच्या आमदाराकडून प्रेक्षक गॅलरीचा पास मिळाला, तर तास बुडवायला सरच परवानगी देत.

कॉलेज १८८३चं. ज्यांचं नाव त्याला आहे ते स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले आणि पुढच्या वर्षी त्यांनी शाळा काढली. मिशनरी खरे, पण जीवाश्म आणि खनिजं गोळा करण्याचा त्यांना विलक्षण नाद. १८६३ साली टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतताना ते पुराच्या पाण्यात बुडून गेले. आमच्या बाकांवर इंदोऱ्याची, मोमीनपुऱ्याची, महालातली, आणि माझ्यासारखी भंडारा-गोंदियाकडून आलेली मुलं एकत्र बसायची. डिसेंबरात कॅरोलचे सूर कानावर यायचे, दसऱ्याला अर्धा वर्ग दीक्षाभूमीवर असायचा.

मला सगळ्यात जास्त आठवतो तो अनुच्छेद ३०चा तास. धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क. सर म्हणाले, "ज्या छपराखाली बसलाय, ते छप्पर या कलमावर उभं आहे. आता त्याच्या विरुद्ध बाजूचा कागद वाचू." आणि त्यांनी टेबलावर नियोगी समितीचा अहवाल ठेवला.

हा अहवाल नागपुरातच जन्माला आला होता. १९५४ साली, नागपूर मध्य प्रदेशची राजधानी असताना, ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला सरकारने समिती नेमली. अध्यक्ष नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी. १९५६ साली अहवाल आला. धर्मांतर हाच ज्यांचा मुख्य हेतू आहे अशा परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवावं, अशी त्यात शिफारस होती. एका ख्रिस्ती कॉलेजात, ख्रिस्ती मुलंमुली समोर बसलेली असताना, सरांनी तो पहिल्या पानापासून उघडला. कुणाची बाजू घेण्यासाठी नाही. समिती कशी नेमतात, कार्यकक्षा कशी लिहितात, ९९ प्रश्नांची प्रश्नावली कशी बनते, दौऱ्यात कुणाला भेटतात, कुणाला वगळतात, हे त्यांना शिकवायचं होतं. वर्गातल्या एका ख्रिस्ती मैत्रिणीने विचारलं, "सर, प्रश्नातच उत्तर दडलेलं असेल तर?" सरांनी तो प्रश्न फळ्यावर लिहिला आणि आठवडाभर पुसू दिला नाही. कॅथलिक मंडळींनी चौकशीला सहकार्य थांबवून उच्च न्यायालयात धाव घेतली होती, याचाही त्यांनी तासभर ऊहापोह केला.

दुसऱ्या दिवशी संविधान सभेतली डिसेंबर १९४८ची चर्चा. धर्माचा प्रचार करण्याचा हक्क राहावा की नाही, यावर टी. टी. कृष्णम्माचारी बोलताना सांगतात की आपण कित्येक वर्षं ख्रिस्ती संस्थांमध्ये शिकलो, पण आपलं धर्मांतर करण्याचा प्रयत्न कुणी केला नाही. हे मी सुट्टीत आजोबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मंग ठीक हाय." आणि नियोगींची आणखी एक गोष्ट: अहवाल दिला त्याच वर्षी, ऑक्टोबरात, ते बाबासाहेबांसोबत नागपुरातच बौद्ध झाले. धर्मांतराची चौकशी करणारा माणूस स्वतः धर्मांतर करतो, याचा अर्थ कसा लावायचा, यावर आमचा वर्ग पुरता विभागला गेला. तो वाद कॉलेजच्या फाटकातून बाहेर पडून चहाच्या टपरीवर कितीतरी दिवस चालला, आणि एकाचीही मैत्री तुटली नाही.

पुढे लोकप्रशासनाच्या वर्गात कळलं की या विषयाच्या मूळ पुरुषांपैकी बरेच जण धर्मोपदेशकांच्याच घरचे. १८८७ साली प्रशासनाच्या अभ्यासावर पहिला गाजलेला निबंध लिहिणारे वुड्रो विल्सन हे पाद्र्याचे चिरंजीव. प्रशासकाच्या कामांची 'पोस्डकॉर्ब' ही यादी देणारे ल्यूथर गुलिक यांचा जन्म जपानमधल्या मिशनरी कुटुंबात, ओसाकात. फ्रेड रिग्ज यांचा चीनमध्ये, शेतीचं काम करणाऱ्या मिशनऱ्यांच्या घरी. परक्या गावात, परक्या व्यवस्थेत वाढलेल्या मुलाला कचेरी कशी चालते याचं कुतूहल वाटणं मला फार स्वाभाविक वाटतं. रिग्ज यांचं विकसनशील देशांच्या प्रशासनावरचं लेखन पुढे नोकरीत तहसील कार्यालयात बसल्यावर मला पानोपानी खरं दिसलं.

आता निवृत्तीनंतर स्पर्धा परीक्षांच्या मुलांना शिकवायला अधूनमधून जातो. अभ्यासिकांमध्ये प्रत्येकाच्या टेबलावर दिवा, पाण्याची बाटली आणि छापील नोट्सचा गठ्ठा. १९८७पासून यूपीएससीला लोकप्रशासन वैकल्पिक विषय झाला आणि एक काळ असा आला की अर्धं नागपूर 'पब अ‍ॅड' करत होतं. २०१३ला दोनऐवजी एकच वैकल्पिक विषय राहिला आणि हळूहळू मुलं दुसरीकडे वळली. विषयाचं मोल त्याच्या गुणांवरून ठरावं, याचं मला मनापासून दुःख होतं. मुलांचा यात दोष नाही. घरून दरमहा पैसे मागवणाऱ्या मुलाला संविधान सभेची चर्चा आठवडाभर वाचत बसणं परवडत नाही. एमपीएससीची मुख्य परीक्षा आता पुन्हा वर्णनात्मक झाली आहे. परिच्छेद जुळवून स्वतःचं मत लिहायची सवय तेवढ्याने परत आली, तरी मला पुरे.

पण आमच्या वेळी जे नव्हतं तेही डोळ्यांनी बघतो. आम्हाला एखादा शासन निर्णय हवा असला तर कलेक्टर कचेरीत ओळखीचा कारकून लागायचा, आणि सायक्लोस्टाइल केलेली प्रत मिळाली तरी अक्षरं पुसट. आज तोच निर्णय संकेतांकासह शासनाच्या संकेतस्थळावर आहे. माहितीचा अधिकार २००५पासून आहे. नियोगी अहवालही आता मोबाइलवर सापडतो. दुर्दैव असं की त्यातली चार वाक्यं दोन्ही बाजूंनी फॉरवर्ड होतात. ते ९९ प्रश्न कुणी वाचत नाही. मध्य प्रदेशचा १९६८चा धर्मस्वातंत्र्य कायदा आणि तो वैध ठरवणारा १९७७चा स्टॅनिस्लॉस निकाल यांवर मुलं फटाफट उत्तर देतात. या दोन्हींच्या आधी काय घडलं, ते विचारलं की वर्ग गप्प होतो.

गेल्या वर्षी भिवापूरकडच्या एका मुलीने आपल्या गावाचा ग्रामपंचायत विकास आराखडा मोबाइलवर उघडून माझ्यापुढे धरला. तिची आई सरपंच. आमच्या वेळी स्थानिक स्वराज्य हा परीक्षेत हमखास येणारा धडा होता. वर्गातल्या कुणाची आई सरपंच असेल, हे आमच्या मनातही आलं नव्हतं. १९९२ची त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती आणि महाराष्ट्रात २०११पासून महिलांसाठी निम्म्या जागा, हे सगळं आमच्या नंतरचं. तिने विचारलं, "सर, ग्रामसभेत जे ठरलं ते या आराखड्यात नाही. मग हे लिहिलं कुणी?"

मी तिला जनपद सभांचा इतिहास वाचायला दिला, सोबत नियोगी समितीची प्रश्नावली. सांगितलं की दोन्ही घरी ने, आईसोबत बस, आणि आराखड्यातल्या प्रत्येक कामापुढे एकच गोष्ट लिही: हे काम कुणी मागितलं होतं. पुढच्या ग्रामसभेत तो कागद ती वाचणार आहे.