तीर्थनच्या काठाने मेंढपाळांची वाट

हिमाचल प्रदेशातल्या कुल्लू जिल्ह्यातले ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यान 754 चौरस किलोमीटरवर पसरलेले आहे आणि ते पाहायचे ते पायीच. मंडी-मनाली मार्गावरच्या औटपासून बंजारमार्गे गुशैनीपर्यंत गाडी जाते. पुढे तीर्थन नदीच्या काठाने पायपीट. सुमारे 8 किलोमीटरवर उद्यानाचे फाटक लागते आणि थोडे पुढे रोल्ला, पहिला मुक्काम.

ही वाट उद्यानाहून जुनी आहे. उन्हाळ्यात शेळ्यामेंढ्या घेऊन वरच्या कुरणांवर, म्हणजे इथल्या लोकांच्या थाचांवर, जाणाऱ्या मेंढपाळांनी आणि गुच्छी नावाची महागडी रानअळंबी वेचणाऱ्या गावकऱ्यांनी ती मळवली. ब्रिटिशांच्या वनबंदोबस्तात गावांचे चराईचे हक्क नोंदलेही गेले होते. 1984 मध्ये उद्यानाची पहिली अधिसूचना निघाली आणि 1999 च्या अंतिम अधिसूचनेने ते हक्क संपवले. काहींना भरपाई मिळाली. पिढीजात थाच गेले ते गेलेच. त्याच सुमारास पार्वती जलविद्युत प्रकल्पासाठी जीवा नाल्याच्या खोऱ्यातले सुमारे 10 चौरस किलोमीटर क्षेत्र मात्र उद्यानातून वगळण्यात आले. मेंढ्यांना मनाई आणि धरणवाल्यांना मोकळीक, हा न्याय कुणाच्याही गळी उतरणे कठीण.

रोल्लाहून शिल्टची चढण दमछाक करते. देवदार मागे पडतात, खरसू ओक आणि त्याखाली रिंगाळ बांबूची दाटी सुरू होते. जुजुराणा, म्हणजे पश्चिमी ट्रॅगोपॅन, याच दाटीत राहतो. काळे डोके, लाल चेहरा, अंगभर पांढरे ठिपके. एप्रिल-मेमध्ये पहाटे नर ओरडतो, चुकलेल्या कोकराने आईला हाक मारावी तसा. आवाज ऐकू येतो, पक्षी दिसेलच असे नाही. मोनाल मात्र उघड्या उतारावर बऱ्यापैकी दिसतो, आणि कड्यांवर थार व भरल. तपकिरी अस्वलाची ओळख बहुधा त्याने मुळांसाठी उकरलेल्या मातीवरूनच होते. हिमबिबट्या दिसणे ही नशिबाची गोष्ट.

2014 मध्ये उद्यान युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. फाटकाबाहेरच्या गावांतले अनेक जण आता वाटाडे, हमाल, स्वयंपाकी म्हणून पाहुण्यांबरोबर जातात. आत शिरायला परवाना लागतो. तो साई रोपाच्या कार्यालयात मिळतो. वाटाड्या मात्र याच खोऱ्यातला घ्यावा. थाचांच्या वाटा त्याच्या पायाखालच्या असतात, आणि ज्यांची कुरणे गेली त्यांच्याच घरात चार पैसे जातात.