अंधेरीहून मुलुंडला, गिअर बदलत

अंधेरी ते मुलुंड हे अंतर नकाशावर वीतभरच दिसते. पण पश्चिम रेल्वेवर सासर आणि मध्य रेल्वेवर माहेर म्हणजे काय, हे ज्याचे त्यानेच अनुभवावे! पूर्वी दादरला जाऊन गाडी बदलायची आणि जितके खाली आलो तितकेच पुन्हा वर जायचे. २०१४ साली वर्सोवा-घाटकोपर मेट्रो धावू लागली आणि ही प्रदक्षिणा वाचली. पण मध्यरात्रीनंतर मेट्रोही झोपते आणि लोकलही.

अशाच एका रात्री दोन वाजता मुलुंडहून शेजारणीचा फोन आला. आई मोरीत पडली होती. आमची गाडी खाली उभी होती. पण डोळ्यांचे दुखणे निघाल्यापासून डॉक्टरांनी ह्यांना गाडी चालवायची मनाई केलेली. मुलगा बंगळूरला. भाड्याची गाडी मिळायला तास गेला. मी इस्पितळात पोचले तेव्हा तपासणी, प्लॅस्टर सारे परक्या हातांनी उरकले होते. "दाराकडे बघत होते गं मी," एवढेच आई म्हणाली.

पुढच्याच आठवड्यात, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, मी शिकाऊ परवाना काढला.

मुलाने फोनवर सुचवले, "आई, क्लच नसलेली गाडी घे, सोपी असते." पण दारात धडधाकट गाडी असताना दुसरी घेण्याची आमच्या घरची रीत नव्हे. सकाळी सहाला क्लासची गाडी येई. पुढेमागे पांढऱ्यावर लाल 'एल', आणि शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक क्लच, एक ब्रेक. शिकवणारा पोरगा माझ्या मुलाच्या वयाचा. "काकू, क्लच हळू सोडा!" हा त्याचा मंत्र.

१९४९ साली वसलेल्या आरे वसाहतीतल्या झाडीच्या रस्त्यावर तो मंत्र मला उमगला. इंजिन फिरत असते, चाके उभी असतात. ह्या दोघांची गाठ एकदम घातली, तर गाडी हिसका देऊन बंद पडते. क्लच सावकाश सोडला, की आतली तबकडी इंजिनाच्या फिरत्या चक्राला आधी नुसती घासते, मग घट्ट धरते, आणि जोर चाकांपर्यंत पोचतो. नवी सून घरात रुळते ती अशीच! पहिल्या गिअरमध्ये जोर अधिक, वेग कमी. वरच्या गिअरमध्ये नेमके उलट. लहानपणी कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या प्रीमियर पद्मिनीच्या टॅक्सीत बसले, की चालकाचा हात स्टिअरिंगशेजारच्या दांड्यावर सहज फिरताना दिसे. २०२३ च्या ऑक्टोबरात ती काळीपिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. त्या सहजतेचे मोल मला आता कळले.

खरी परीक्षा झाली ती गोखले पुलावर. २०२२ च्या नोव्हेंबरात बंद झालेला हा पूल २०२४ साली अर्धा आणि २०२५ साली पुरता खुला झाला. अंधेरीकरांना त्याचे कोण अप्रूप! त्याच्याच चढावर माझी गाडी बंद पडली. मागे रिक्षांचे भोंगे. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. "काकू, हँडब्रेक ओढा. आता अर्धा क्लच. नाक उचललं बघा गाडीनं! आता सोडा हँडब्रेक." गाडी मागे घसरण्याऐवजी वर सरकली. तळहात घामाने भिजले होते. पण त्या दिवशी भीती पुलावरच उतरली.

आंबिवलीच्या परिवहन कार्यालयातून परवाना मिळाल्यावर मी बर्था बेंझबद्दल वाचले. १८८८ च्या ऑगस्टमध्ये ही जर्मन बाई नवऱ्याला न सांगता त्याची मोटार घेऊन, दोन मुलांसह मानहाइमहून फोर्ट्सहाइमला निघाली. सुमारे शंभर किलोमीटर! आणि कुठे? माहेरी, आईकडे! चढ आला की मुले उतरून गाडी ढकलत. चढासाठी आणखी एक गिअर हवा, हे त्या प्रवासातूनच ठरले. वाचून मला ती मावशीच वाटली.

गेल्या नरकचतुर्दशीला पहाटे चार वाजता आम्ही फराळाचे डबे घेऊन निघालो. हे शेजारी बसले. अंधारात त्यांना फारसे दिसत नाही, पण इंजिनाच्या आवाजावरून ते सांगत, "बदल आता." द्रुतगती मार्गावरून जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याला लागलो. डोक्यावर मेट्रोचे अर्धवट बांधकाम, डावीकडे पवईचा काळाशार तलाव. गांधीनगरला डावीकडे वळून भांडुप मागे टाकले. रस्ता रिकामा, कुठे एखादा आकाशकंदील. हा रस्ता त्या रात्री मला किती लांब वाटला होता!

आईच्या फाटकातला छोटासा चढ मात्र मी विसरले. गाडी हिसका देऊन बंद पडली. वर पाहिले, तर आई काठी टेकत दारातच उभी.

"बंद पडली गं," मी ओशाळून म्हणाले.

"पडू दे," आई म्हणाली, "दारापर्यंत आलीस ना?"